हत्ती कुठाय?

निघायच्या आदल्या रात्री नवऱ्यानं वहीच्या मधल्या पानावर मुंबईची यादी केली. गेटवे, घारापुरी, राणीची बाग, म्युझियम, तारांगण, हाजीअली... एकूण चौदा ठिकाणं आणि पाच दिवस. ओवी त्याच वहीवर बसून पेनाचं टोपण चावत होती. वय दोन वर्षं चार महिने, वजन साडेअकरा किलो. वजन मुद्दाम लिहिलं, कारण पुढं पाच दिवस तेच आमच्या खांद्यावर होतं.

शनिवारी रात्री कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना रेल्वेत तिकीट लागत नाही. मात्र तिकीट नाही म्हणजे बर्थही नाही, हे आपण सोयीनं विसरतो. ओवी झोपेत घड्याळाच्या काट्यासारखी फिरते. मिरज येईपर्यंत ती आडवी झाली होती आणि मी दोरीवर वाळत घातलेल्या टॉवेलासारखी बर्थच्या कडेला. पहाटे दादरला उतरलो तेव्हा एकटी ओवीच ताजीतवानी होती.

उतरलो नवऱ्याच्या आत्याकडे. दादरमधली जुनी इमारत, तिसरा मजला, लाकडी जिना, लिफ्ट नाही. आत्यांनी दार उघडलं, ओवीला घेतलं, आणि मग नवऱ्याच्या हातातल्या घडीच्या बाबागाडीकडे पाहून विचारलं, "हे कशाला आणलंस रे? मुंबईत?"

ती बाबागाडी आम्ही खास या प्रवासासाठी घेतली होती. रेल्वेच्या पुलाचे जिने, मध्येच संपणारे फुटपाथ, फुटपाथवर लावलेल्या मोटरसायकली, आणि कुठं सलग जागा मिळालीच तर तिथं उभारलेले लोखंडी खांब. पाच दिवसांत ती दोनदा कामाला आली: एकदा मेट्रोत, एकदा मरीन ड्राइव्हवर. बाकी वेळ ती आत्यांच्या दाराआड होती आणि त्यांनी तिच्यात कांदे ठेवले होते.

तिच्या जागी आत्यांनी कपाटातून धुऊन धुऊन मऊ झालेलं एक सुती पातळ काढलं. ते उभं दुमडून एका खांद्यावरून घ्यायचं, विरुद्ध बाजूच्या कमरेशी गाठ मारायची आणि मूल त्या झोळीत कडेवर बसवायचं. माझ्या आईनं मला असंच शेतावर नेलं असणार. दुकानात याच गोष्टीला दोन-तीन हजार रुपये मोजून लोक विकत घेतात. मीही चौकशी करून ठेवली होती, सांगायला लाज कसली.

पहिला दिवस रविवार. मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक, म्हणून आम्ही पश्चिमेची धीमी गाडी धरून चर्चगेटला निघालो. मी आणि ओवी लेडीज डब्यात, नवरा पुढच्या जनरलमध्ये. चढल्या चढल्या एका बाईनं "बाळाला दारात नको, आत घ्या" म्हणत मला जवळपास ओढलंच, दुसरीनं सरकून चौथी सीट करून दिली. चौथी सीट म्हणजे तिघींच्या बाकावर अर्ध्या मांडीपुरती जागा. क्लिपा विकणारी मुलगी आली. तिची पाटी बघून ओवीनं जो हात घातला तो दहा रुपयांची पिवळी क्लिप घेऊनच बाहेर आला. ती क्लिप तिनं पाच दिवस काढू दिली नाही.

चर्चगेटला उतरल्यावर तिनं पहिला प्रश्न केला, "गेट कुठाय?"

या वयात मुलं नावावर फार विश्वास ठेवतात. घरी आम्ही तिला 'पाणीपुरी'त पाणी दाखवलं होतं, 'चांदोबा'त चांदोबा दाखवला होता. तेव्हा चर्चगेट म्हटल्यावर गेट हवं. नवरा सांगायला लागला की इथं पूर्वी किल्ला होता, त्याच्या तटाला तीन दरवाजे होते, त्यातला एक चर्चकडे जाणारा, १८६०च्या दशकात इंग्रजांनी तट पाडला. ओवीनं ते सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, "गेट कुठाय?" मग काळी-पिवळी केली आणि गेटवेला गेलो. तिथं निदान गेट होतं.

गेटवे ऑफ इंडियाला रविवारी दुपारी लहान मूल घेऊन जाऊ नये. एवढं एक वाक्य मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. बॅगतपासणीची रांग, ऊन, फोटो काढणाऱ्यांची गर्दी. आमच्या पिशवीतल्या थर्मासचं झाकण उघडायला लावलं, आत नाचणीचं सत्त्व. तपासणाऱ्या दादांनी वास घेतला आणि म्हणाले, "आमच्याकडं पण हेच असतं." एवढंच काय ते सुखाचं. पंचम जॉर्ज १९११ साली आला म्हणून ही कमान बांधली, पण तो आला तेव्हा ती तयारच नव्हती. त्याला म्हणे पुठ्ठ्याची प्रतिकृती दाखवली आणि खरी कमान १९२४ साली पुरी झाली. ओवीनं कमानीकडे वर मान करून एकदाही पाहिलं नाही. ती पाऊण तास कबुतरांच्या मागं पळत होती आणि मी तिच्या मागं. मग जेवायची वेळ टळली आणि रडं सुरू झालं.

जवळच्या एका हॉटेलात आम्ही साधा भात आणि वरण मागितलं. साधा भात मेनूत नाही म्हणाले. जिरा राइस आहे, त्यातलं जिरं काढता येईल का विचारलं, तर वेटर माझ्याकडे बघतच राहिला. पाचशे रुपयांचं काहीतरी मागवून ते तसंच ठेवून आम्ही बाहेर पडलो. पुढच्या गल्लीत एक जुनं इराणी हॉटेल होतं. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्यांनी काही न विचारता पोरीपुढं गरम दुधाचा ग्लास आणि बन ठेवला. बन दुधात बुडवून तिनं अख्खा खाल्ला. दुधाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मी डब्यात मऊ भात, मेतकूट आणि तूप घेऊनच निघायला लागले. राजगिऱ्याचे लाडू, चुरमुरे, दोन केळी. बाहेर मिळेल ते आमचं, हे तिचं.

खाऊन झाल्यावर तिचे डोळे मिटायला लागले. ओवीची झोप साडेबाराला लागते आणि दोन तास चालते. घरी ती झोपली की आम्ही माणसात येतो. पण परक्या शहरात झोपलेलं मूल ठेवायचं कुठं? परत दादरला जायचं तर दिवस संपला. नवऱ्याला तेव्हा जे सुचलं ते या सहलीतलं त्याचं एकमेव मोठं काम. तो आम्हाला सीएसएमटीला घेऊन आला आणि ११५ नंबरच्या वातानुकूलित डबल डेकरमध्ये वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या काचेपाशी बसवलं. बस सीएसएमटीहून नरिमन पॉइंटच्या टोकाला एनसीपीएपर्यंत जाते आणि परत येते. कमीत कमी तिकीट १२ रुपये.

ओवी झोळीत झोपलेली, आत गारवा, आणि समोर काचेतून मुंबई सरकतेय. सीएसएमटीची ती इमारत आम्ही दोघांनी लहानपणापासून चित्रात पाहिलेली. १८८८ साली पुरी झाली, २००४ साली जागतिक वारशात गेली. समोर महापालिकेची इमारत. दोन्हींचा वास्तुकार एकच, स्टीव्हन्स. वरच्या मजल्यावरून त्या इमारतींवरची पानं-फुलं, माकडं, पक्षी डोळ्यांच्या उंचीवर येतात, खालून ते दिसतही नाहीत. एनसीपीएला कंडक्टर वर आला. "उतरायचं नाही का?" मी झोळीकडे बोट केलं. त्यानं दोन तिकिटं पुन्हा फाडली. परत सीएसएमटी. पुन्हा एनसीपीए. तिसऱ्या खेपेला त्यानं विचारलंच नाही, तिकिटं पुढं केली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "पोरगी शहाणी आहे." शहाणी कसली, गार हवा लागली की ती तशीच झोपते.

रात्री यादीत एकच खूण झाली होती. नवरा म्हणाला, उद्या घारापुरी. आत्या पोळ्या लाटत होत्या, त्या हसल्या. "उद्या सोमवार. सोमवारी घारापुरी बंद. शंकराचा वार, आणि त्याच दिवशी शंकर भेटत नाही, असं आमचं गाव." मग त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं: सोमवारी लेणी बंद, बुधवारी राणीची बाग बंद, सकाळी आठ ते साडेदहा सीएसएमटीकडे जाणारी लोकल पोरीला घेऊन धरायची नाही, संध्याकाळी पाच ते आठ उलट्या बाजूची धरायची नाही. ते सगळं वजा करून जे उरलं त्यात मुंबई बघायची.

सोमवारी म्हणून मलबार हिल. ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झालेली भुयारी मेट्रो दादरहून गिरगावला जाते, त्यात बाबागाडी पहिल्यांदा रस्त्याला लागली. लिफ्टनं खाली, लिफ्टनं वर, फलाट आणि डबा एका पातळीत. सरकता जिना पाहून मात्र ओवीनं गाडी सोडली. आम्ही त्या जिन्यावर चार वेळा वर गेलो आणि चार वेळा खाली आलो. तिच्या लेखी सहलीचा कळस इथंच झाला असावा, कारण अजूनही मुंबई म्हटलं की ती हाताचा तळवा तिरका वर नेते.

गिरगावहून टॅक्सीनं हँगिंग गार्डन. ही बाग पाण्याच्या जलाशयावर आहे, आपण चालतो त्याच्या खाली दक्षिण मुंबईला जाणारं पाणी साठवलेलं. ओवीला जलाशयाचं काही नव्हतं, पण तिथली झुडपं कातरून केलेली जनावरं आवडली. रस्ता ओलांडला की कमला नेहरू पार्क आणि म्हातारीचा बूट. नवऱ्याचा पाच वर्षांचा असतानाचा त्या बुटातला फोटो आमच्या घरी आहे. तसाच फोटो लेकीचा काढायचा हा या सहलीचा खरा हेतू होता, हे मला तिथं गेल्यावर कळलं. त्यानं तो फोटो मोबाइलमध्येसुद्धा आणला होता, कोन जुळवायला.

ओवी बुटापुढं उभी राहिली. वर पाहिलं, खिडक्या पाहिल्या. "म्हातारी कुठाय?"

"बाहेर गेलीय," नवरा म्हणाला.

"चप्पल घालून?"

यावर काय बोलणार? ती आत गेली नाही ती नाहीच. दुसऱ्याच्या घरात म्हातारी नसताना कसं जायचं, असा तिचा विचार असेल, किंवा नुसती भीती. फोटोत आता बूट आहे, बुटाच्या खिडकीत तिचा बाप आहे आणि खाली पाठमोरी ती, केळं खाताना.

संध्याकाळी चौपाटीवर वाळूत दोन तास. वाळू केसांत, कानांत, डायपरमध्ये. लहान मुलाला समुद्रावर नेताना अंगभर कपडे नकोत, एक पाण्याची मोठी बाटली नुसती धुवायला हवी, आणि कपड्यांचे दोन जोड हवेत, एक नाही. डायपर बदलायला जवळच्या स्टेशनवर गेले. तिथं 'हिरकणी कक्ष' अशी पाटी होती आणि पाटीखाली कुलूप होतं. हिरकणी निदान कडा उतरून गेली, मला तर कुलूप फोडणंही शक्य नव्हतं. शेवटी बाकावर टॉवेल पसरून, झोळीच्या पातळाचा आडोसा करून उरकलं. शेजारी बसलेल्या आजींनी न सांगता ओढणी धरली.

मरीन ड्राइव्हचे दिवे लागले तेव्हा बाबागाडी दुसऱ्यांदा कामाला आली. "तो बघ राणीचा हार," मी म्हणाले आणि जीभ चावली. आता राणी कुठाय विचारणार. पण ती गाडीतच झोपली होती.

मंगळवारी घारापुरी, सकाळच्या बोटीनं. गेटवेपासून साधारण तासाचा प्रवास. वरच्या डेकवर बसायचे थोडे वेगळे पैसे पडतात, ते द्यावेत. जानेवारीत बोटीच्या मागं सीगल लागतात, लोक हात वर करून गाठ्या-कुरकुरे उडवतात आणि पक्षी हवेतच झेलतात. ओवीनं आधी माझ्या कुशीत तोंड लपवलं, मग एक डोळा उघडला, मग ओरडायला लागली, "काऊ! पांढला काऊ!" मी तिला घट्ट धरून बसले होते. अशा बोटीत लाइफ जॅकेट मागून घ्यावं, मुलाच्या मापाचं नसलं तर मुलाला मांडीवरून उठू देऊ नये.

मधल्या वेळात नवऱ्यानं घोळ घातला. तिला सांगितलं, "आपण एलिफंटाला चाललोय. एलिफंट म्हणजे हत्ती." ओवीला हत्ती म्हणजे जीव की प्राण. आमच्याकडं देवळात, पुस्तकात, ताटलीवर, सगळीकडे हत्ती. झालं. तिथून पुढं दर पाच मिनिटांनी "हत्ती आला?"

धक्क्यावर उतरलं की पायऱ्यांपर्यंत छोटी झुकझुक गाडी आहे. ती आम्ही अर्थातच दोनदा केली. मग १२० पायऱ्या, दोन्ही बाजूंना माळा, टोप्या आणि दगडी शोपीसची दुकानं. "मी, मी" म्हणत ओवीनं पहिल्या तीसेक पायऱ्या स्वतः चढल्या. "एक, दोन, पाच, दहा" असं मोजत, प्रत्येक दुकानापाशी थांबत. त्याला पंचवीस मिनिटं लागली. पुढं झोळी. मध्ये एका माकडानं नवऱ्याच्या हातातली लाडवांची पिशवी इतक्या सफाईनं उचलली की त्याचा हात काही क्षण तसाच पुढं राहिला होता. खायचं आतल्या पिशवीत, चेन लावून ठेवावं, हे पाटीवर लिहिलेलं नंतर वाचलं.

वर तिकीट माणशी ४० रुपये, पंधरा वर्षांखालच्यांना नाही. आणि मग ती पहिली लेणी. बाहेरच्या उन्हातून आत पाऊल टाकलं की एकदम गार आणि अंधुक. ओवीनं एक आरोळी ठोकली, ती परत आली. तिनं पुन्हा ठोकली. पाचसहा वेळा झाल्यावर एका परदेशी बाईनं कानावर हात ठेवला. मी ओवीला उचलून मागच्या भिंतीकडे नेलं, जिथं सदाशिवाची ती तीन मुखांची मूर्ती आहे. जवळपास वीस फूट उंच, नुसते चेहरे आणि खांदे. माझ्या शाळेच्या पुस्तकात होती, महाराष्ट्र पर्यटनाच्या जाहिरातीत होती, पण इतकी मोठी आणि इतकी शांत असेल असं कधी वाटलं नव्हतं.

ओवी गप्प झाली. बराच वेळ पाहत राहिली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाप्पा गाई करतोय."

मधल्या मुखाचे डोळे मिटलेले आहेत. मी आजवर ते डोळे 'ध्यानस्थ' असं वाचलं होतं, त्यामुळं मिटलेले आहेत हे नीट पाहिलंच नव्हतं. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि नवऱ्याला "शूऽऽ" केलं. मग आमच्या शेजारी मोठ्यांदा बोलणाऱ्या चार जणांच्या घोळक्यालाही केलं. तेही गप्प झाले. दहा मिनिटं आम्ही तिथं जमिनीवर बसून होतो. पाच दिवसांत इतका वेळ एका जागी कुठंच बसलो नाही.

आणि मग पूर्ण आवाजात, "हत्ती कुठाय?"

नवऱ्यानं अंधकासुरवधाच्या शिल्पाकडे नेलं. तिथं शंकराच्या मागं हत्तीचं कातडं ताणून धरलेलं आहे, सोंड-डोकं ओळखू येतं. "हा बघ." तिनं पाहिलं. "नाई. हत्ती." बरोबरच होतं, कातडं म्हणजे हत्ती नव्हे. बाहेर आल्यावर रडं. एका दुकानातल्या मावशींनी विचारलं काय झालं. हत्ती पाहिजे म्हटल्यावर त्या सहज म्हणाल्या, "हत्ती इथं कुठं आता? तो कधीच मुंबईला नेला. राणीच्या बागेत आहे."

मला वाटलं पोरीला समजावायला म्हणतात. पण खरंच होतं ते. बेटाच्या राजबंदराकडच्या बाजूला एक मोठा दगडी हत्ती होता, त्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४ साली इंग्रजांनी तो उचलून विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना साखळी तुटली, हत्ती खाली पडला आणि फुटला. तुकडे मग भायखळ्याला राणीच्या बागेत आणून टाकले आणि १९१४ साली ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं हे बेट हत्तीशिवाय हत्तीचं नाव वापरतंय. ओवीला एवढंच सांगितलं, हत्ती भुर्र गेलाय, परवा भेटेल. परवा म्हणजे काय ते तिला कळत नाही, पण 'भुर्र' कळतं. रडं थांबलं.

बुधवारी काहीच केलं नाही. म्हणजे ठरवूनच. ओवीला आत्यांकडे ठेवून सकाळी नवरा एकटा म्युझियमला गेला. दुपारी ती झोपल्यावर मी एकटी दादरच्या बाजारात गेले आणि दोन हात मोकळे ठेवून चालण्याची चैन केली. संध्याकाळी शिवाजी पार्कला कट्ट्यावर बसलो. ओवी एका कुत्र्यामागं पळताना पडली, गुडघा खरचटला. घरी आल्यावर आत्यांनी त्यावर हळद दाबली, फुंकर घातली आणि "गेला बाऊ" म्हणाल्या. ती रात्रभर त्या पिवळ्या गुडघ्याकडे कौतुकानं पाहत होती.

गुरुवारी अकरा वाजता, गर्दी ओसरल्यावर, दादरहून धीमी लोकल. परळ, करी रोड, चिंचपोकळी, भायखळा. राणीच्या बागेचं नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे, पण टॅक्सीवाला, आत्या आणि आम्ही, सगळे राणीची बागच म्हणतो. आई-बाप आणि पंधरा वर्षांखालची दोन मुलं यांचं मिळून १०० रुपयांचं तिकीट. बाग १८६१ सालची आहे, त्यामुळं झाडं प्रचंड. गोरखचिंचेचं खोड बघून मीच थबकले. पेंग्विन सगळ्यांना बघायचे असतात, २०१६ साली सोलहून आठ आणले होते, त्यांचा पुढं वंश वाढला. काचेच्या आत गारेगार, बाहेर आपण घामाघूम. ओवीनं पेंग्विन पाहिले, काचेवर नाक दाबलं, काच चाटली (मी पुसली, पण उशिरा), आणि तीन मिनिटांत म्हणाली, "हत्ती."

तिला आठवत होतं. मला वाटलं होतं विसरली असेल.

हत्ती डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला, झाडांच्या सावलीत उभा आहे. काळसर, झिजलेला, फार मोठा नाही. आजूबाजूला कुणी नव्हतं, सगळी गर्दी पेंग्विनकडं. नवरा जवळ जाऊन सांधे दाखवायला लागला, बघ, इथं जोडलाय, इथं तुकडा बसवलाय, साखळी तुटली म्हणून... ओवीनं त्याचं बोट जिथं होतं तिथं पाहिलं. दगडातल्या भेगेकडं. मग स्वतःच्या गुडघ्याकडं पाहिलं.

"हत्तीला बाऊ."

"हो, बाऊ झालेला."

"आत्याजीनं हलद लावली?"

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. तिनं वाट पाहिली, उत्तर आलं नाही तेव्हा हत्तीच्या दिशेनं लांबूनच एक फुंकर घातली. थुंकीसकट. आणि कावळ्यामागं पळाली.

यादीतली चौदापैकी पाच ठिकाणं झाली. तारांगण, हाजीअली, सायन्स सेंटर राहिलं ते राहिलंच. रात्री गाडीला निघायच्या आधी, दाराआडची बाबागाडी रिकामी करून देताना आत्यांना ओवीनं सगळी हकीकत तिच्या भाषेत सांगितली, हत्ती, बाऊ, हलद. आत्या दादरला राहून चार स्टेशनांवरच्या त्या बागेत वीस वर्षांत गेल्या नव्हत्या. "लावते हो," त्या म्हणाल्या. "उद्याच जाते."

तेव्हापासून दर रविवारी फोन आला की ओवी माझ्या हातातून तो ओढून घेते आणि पहिलं तेच विचारते. आत्याही दर वेळी सांगतात, लावली. गेल्या रविवारी मात्र त्यांनी विचारलं, "अगं, त्याला नेमकं कुठं लागलंय ते सांगशील का? मी गेले होते, मला सापडलं नाही."